माडजुव्यावरचा पळणीचा मुक्काम

"कोंबडेक मोजल्यान, आमका मोजल्यान. मगे त्या पावण्यांक कित्याक नाय मोजल्यान?"

नर्मदा खवणेकर यांनी हा प्रश्न २०२१च्या उन्हाळ्यात आपल्या पडवीत बसून मला विचारला. मोजणारा म्हणजे रवळनाथ, खाजणवेळ गावाचा ग्रामदेव. गावशिवेच्या कल्पनेवर मी काम करतो हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते, आणि ज्याचे कामच शिवेचे त्याला एवढे तरी सांगता येईल अशी त्यांची साधी समजूत होती. मला ते सांगता आले नाही. हा प्रश्न ज्या चार-पाच दिवसांतून निघाला, ते दिवस आणि त्यांच्या मागेपुढे पसरलेले एका बाईचे आयुष्य एवढेच येथे मांडता येईल.

खाजणवेळ हे मालवणच्या उत्तरेला, एका खाडीच्या मुखाशी वसलेले लहान गाव. दर चार वर्षांनी, देवाने तसा कौल दिला की, हे गाव तीन रात्रींसाठी रिकामे होते. याला गावपळण म्हणतात. आजूबाजूच्या आणखी काही गावांत ही रीत आहे. त्यांची पळण बघायला लांबून लोक येतात, खाजणवेळची पळण मात्र आजवर गावापुरतीच राहिली. ढोल वाजला की माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळे शिवेबाहेर पडतात. चुलीत पाणी ओततात, देवापुढचा दिवा शांत करतात, विजेचा मुख्य खटका खाली करतात. खाडीच्या उत्तर काठावर सुरूच्या झाडांत झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि तीन रात्री गाव तिथे नांदतो. चौथ्या सकाळी गुरव आणि मानकरी तेवढे देवळात परत जातात व कौल लावतात: मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. उजवा कौल झाला की ढोल वाजतो आणि गाव घरी परततो. डावा झाला तर मुक्काम वाढतो. गावात कोणीतरी, काहीतरी मागे राहिले आहे असा त्या नकाराचा अर्थ समजला जातो.

गाव दक्षिण काठावर, झोपड्या उत्तर काठावर, आणि दोहोंच्या मध्ये, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, एक बेट आहे. खाडीतल्या बेटाला इकडे जुवा म्हणतात. माडांनी भरलेला म्हणून हा माडजुवा. नर्मदाबाई या जुव्यावर जन्मल्या. तिथे त्या काळी तीन घरे होती, तिन्ही खोतांच्या माडांची राखण करणारी. भरतीला चारी बाजूंनी पाणी, ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला उघडी पडणारी वाळू, आणि मधोमध एक गोड्या पाण्याची विहीर. लग्न होऊन त्या खाडी ओलांडून गावात आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. माहेर हाकेच्या अंतरावर होते, पण मध्ये पाणी होते. सासूला ऐकू जाऊ नये म्हणून आईला हाक मारायची तर माडाच्या आड उभे राहून मारावी लागे, असे त्या सांगत. पुढे विहिरीला खारे पाणी लागले, तिन्ही घरे उठली, खोतांच्या वारसांनी जुवा विकला, आणि २०१६ साली तिथे लॉज सुरू झाला.

लॉज हा शब्द ऐकून एस. टी. स्टँडसमोरची दुमजली इमारत डोळ्यांपुढे येत असेल तर ती बाजूला सारावी. माडांच्या सावलीत अंतराअंतरावर चिऱ्याच्या कॉटेजेस, प्रत्येकीला समुद्राकडे तोंड केलेला सोपा, उघड्या आकाशाखाली स्नानगृह, वाळूवर पांढऱ्या गाद्यांच्या आरामखुर्च्या. पाहुणे गोव्याच्या विमानतळावरून थेट येत आणि गावात पाय न ठेवता परत जात. नर्मदाबाईंचा मुलगा सर्वेश तिथे बोट चालवायचा. गावातली आणखी दहा-बारा घरे या लॉजच्या पगारावर उभी होती.

नर्मदाबाईंचे यजमान दाजी तीस वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत होते. तिथल्या धुराने की विड्यांनी, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आले नाही, पण त्यांची फुप्फुसे निकामी होत गेली. २०१७पासून घरात ऑक्सिजन देणारे यंत्र आले. ते विजेवर चाले. वीज गेली तर त्याची बॅटरी तासभर टिके, तीही नवी असताना. दाजी गमतीने त्या यंत्राला दुसरी बायको म्हणत. "ही बोलणा नाय, नुसती घुरघुरता," असे पाहुण्यांना सांगून ते नर्मदाबाईंकडे बघत.

तर प्रश्न असा होता की, २०१८च्या डिसेंबरात गावपळण ठरली तेव्हा, वीज नसलेल्या झोपडीत दाजी तीन रात्री कसे काढतील. आजारी माणसाने शिवेबाहेरच्या नातेवाइकाकडे राहिले तर चालते. कुडाळला भाच्याकडे जायचे ठरलेही होते. पण आठवड्यावर पळण आली असताना भाच्याच्या घरी बाळंतीण आली, आणि खोकणारा म्हातारा व घुरघुरणारे यंत्र त्या घरात न्यायला नर्मदाबाईंचे मन धजेना. इस्पितळाचे नाव काढले की दाजी भिंतीकडे तोंड करून झोपत.

त्याच आठवड्यात देवळाच्या सभामंडपात गाव बसला. लॉज झाल्यानंतरची ही पहिलीच पळण. जुव्याचे काय करायचे, हे ठरवायचे होते. मुख्य मानकरी भाई यांनी फार वेळ लावला नाही.

"पाण्यापलीकडे आमची शीव जाणा नाय," ते म्हणाले. "जुवो भायर. लॉजवाल्यांका उठवूची गरज नाय."

"बरा झाला," लॉजवर मुलगा कामाला असलेला एक जण मागून म्हणाला. "नायतर माज्या झिलाची नोकरी जायत होती."

"नोकरीचा नाय रे, झील परत घराक येयत ह्या तुका भय!" दुसऱ्याने टोला हाणला, आणि सभा हसत उठली.

नर्मदाबाई बायकांमध्ये बसलेल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. त्या मंडपात बसलेल्या सगळ्यांत जुव्यावर पळणीचे दिवस पाहिलेल्या त्या एकट्याच उरल्या होत्या. गावातला ढोल पाण्यावरून जुव्यापर्यंत ऐकू येई. वडील कोंबड्या टोपलीखाली झाकून होडीत ठेवत, शेळी आईच्या पायाशी बांधत, आणि तिन्ही घरांच्या होड्या एकामागून एक उत्तर काठाला लागत. जुवा शिवेबाहेर असता तर त्यांना उठायचे कारणच नव्हते.

"तेवा बोललंय आसतंय तर ह्येंका झोपडेत न्हेवचा लागला आसता," त्या मला म्हणाल्या. "म्हणान गप ऱ्हवलंय."

एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर ती एका बाईच्या मौनाची गोष्ट झाली असती. पण दोन दिवसांनी सर्वेश निरोप घेऊन आला. लॉजचा मॅनेजर कौस्तुभ हा पुण्याकडचा, तिशीचा, मनाने वाईट नसलेला मुलगा. पळणीच्या दिवसांत बोट चालवणारा माणूस हाताशी असावा ही त्याची गरज, आणि सर्वेशच्या वडिलांची अडचण त्याने ऐकलेली. एका कॉटेजच्या स्नानगृहातला नळ बिघडला होता, त्यामुळे ती पाहुण्यांना देता येत नव्हती. काका-काकूंनी ते चार दिवस तिथे राहावे, जनरेटर आहे, यंत्राची काळजी नको, असे त्याने कळवले. भाईंना विचारले तर ते म्हणाले, "शिवेभायर खंयव ऱ्हवा. माजी काय हरकत?"

जिथून आपण पळणीला उठायचो तिथेच पळणीसाठी जाऊन राहायचे, ही गोष्ट नर्मदाबाईंना कशी वाटली, हे मी वेगवेगळ्या शब्दांत विचारून पाहिले. त्यांचे उत्तर प्रत्येक वेळी एकच होते: "यंत्र चलला पायजे होता."

ढोल वाजला त्या दुपारी सर्वेशने दोघांना बोटीतून जुव्यावर नेले. गाव उत्तर काठाकडे चालला होता. खाडीवरच्या पुलावरून गुरे, हातगाड्या, टेंपो. आणि खालून, खाडीतून, ऑक्सिजनची नळी लावलेला म्हातारा पांढऱ्या बोटीत. काठावरून कोणीतरी ओरडले, "दाजीनु, चलल्यात हनिमूनाक?" दाजींनी हात उंचावला. उत्तर द्यायला दम नव्हता, पण चेहरा त्यांनी तसा करून दाखवला.

कॉटेजमध्ये पलंग एवढा मोठा होता की नर्मदाबाईंना आधी वाटले, इथे आणखी कोणी झोपायचे आहे. पलंगावर टॉवेलांचा घडी घालून केलेला पक्षी होता. तो मोडायला नको म्हणून त्यांनी उचलून टेबलावर ठेवला आणि घरून आणलेला पंचा वापरला. त्यांच्या आईच्या विहिरीवर जाड काच बसवली होती आणि आत खोल निळसर दिवा लावलेला होता. विहिरीभोवती संध्याकाळी पाहुणे पेय घेऊन उभे राहत. जेवणात बांगड्याचे तिखले आले, त्याला मिरचीचा नुसता रंग होता. दाजींना मात्र हे सगळे मनापासून आवडले. एसीची थंड, कोरडी हवा त्यांच्या छातीला मानवली. पहिल्या रात्री ते न खोकता झोपले. सकाळी उठून म्हणाले, "गो, ह्या खाटेर माणूस मरणा नाय. यमाक वाटात, हयसर कोण मोठो सायब झोपलोहा."

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई सोप्यावर उभ्या असताना शेजारच्या कॉटेजमधली एक तरुण बाई आली. तिने गडद चष्मा लावला होता. "मावशी, एक जास्तीचा टॉवेल मिळेल का?" तिने विचारले. नर्मदाबाई आत गेल्या, टेबलावरचा तो पक्षी उचलून आणला आणि तिला दिला. दाजी आतून हसत राहिले, हसता हसता खोकले, आणि खोकता खोकता म्हणाले, "म्हातारपणी नोकरी गावली तुका. मागच्या जलमाचा पुण्य."

सोप्याच्या एका कडेला उभे राहिले की उत्तर काठ दिसे. झोपड्यांतून धूर निघे. संध्याकाळी भजनाचे टाळ पाण्यावरून येत. दुसऱ्या कडेला उभे राहिले की गाव दिसे, दिव्याशिवायचा, कुत्र्याच्या भुंकण्याशिवायचा. मधल्या जुव्यावर माडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या होत्या. नर्मदाबाईंनी हे वर्णन करताना कोणतीही टीका केली नाही. त्या फक्त म्हणाल्या, "मी मदी होतंय."

चौथ्या सकाळी ढोल वाजायला हवा होता. वाजला नाही. दुपारी पाहुण्यांना सोडून आलेला सर्वेश सांगत आला की कौल डावा झाला. संध्याकाळी पुन्हा लावला, पुन्हा डावा. गाव आणखी एक रात्र वाळूवर राहिला. त्या रात्री वाऱ्याने दोन झोपड्यांचे छप्पर उडवले. एका लेकराला ताप भरला. भाईंची गाभण म्हैस दावे तोडून पाण्याकडे निघाली होती. पाचव्या सकाळी तिसऱ्यांदा डावा कौल झाला, तेव्हा मानकरी घराघरांतून फिरू लागले. कोण राहिले, काय राहिले, याचा शोध सुरू झाला.

हे सगळे सर्वेश कॉटेजच्या पायरीवर बसून चहा पिता पिता सांगत होता. त्याला त्यात कुतूहलापलीकडे काही वाटत नव्हते.

"कोण ऱ्हवला आसात, आये?" त्याने विचारले.

"आमी," नर्मदाबाई म्हणाल्या.

त्याला कळेना. तेव्हा त्यांनी प्रथमच वडिलांच्या होडीची, टोपलीखालच्या कोंबड्यांची, पायाशी बांधलेल्या शेळीची गोष्ट कोणाला तरी सांगितली. सर्वेशने कप खाली ठेवला.

"तर मगे अख्खो लॉज आत आसा," तो म्हणाला. "सगळ्यांका उठवतलंस? आणि उठले नाय तर? तू बाबांका घेवन गेलंस म्हणान काय फरक पडतलो?"

"दुसऱ्यांचा माका ठावक नाय. आमका ठावक आसान आमी ऱ्हवलंव. ता येगळा."

"आये, बॅटरी तासभर. फुडे काय?"

"फुडे तू रिक्षा आण. ह्येंका मालवणाक इस्पितळात न्हेवया. इस्पितळ शिवेभायर आसा."

दाजी आतून ऐकत होते. नळी नाकाखाली नीट करून ते म्हणाले, "रे सर्वेशा, हिच्या बापाशीचो जुवो. ही म्हणात तर आत, ही म्हणात तर भायर. तुज्या सायबाचो काय संबंध?" थोडा श्वास घेऊन त्यांनी जोडले, "माजो बापूस, माजो आजो, सगळे पळणीत गेले. मीच एकटो एसीत. माका चलात. खाट तेवढी हयसरची घेवया."

निघण्याआधी नर्मदाबाई कौस्तुभच्या कचेरीत गेल्या. कचेरीत त्या नेहमीच प्रमाण मराठी बोलत, आणि ती बोलताना त्यांचा आवाज बारीक होई.

"काकू, काही कमी पडलं का?" त्याने घाबरून विचारले. "जेवण? तो नळ?"

"नाही हो. सगळं छान होतं. साहेब, एक विचारू? एका दुपारपुरतं, सगळ्यांनी पलीकडच्या काठावर जाऊन बसलं तर?"

"सगळ्यांनी म्हणजे?"

"पाहुण्यांनी. तुम्ही. कौल होईपर्यंत."

कौस्तुभ हसला नाही. तेवढे त्याच्या बाजूने सांगायला हवे. तो म्हणाला की भाईंनीच जुवा बाहेर आहे असे सांगितले आहे, तेच उलटे म्हणाले तर तो वरिष्ठांशी बोलेल. मग त्याने दाजींच्या प्रकृतीची चौकशी केली आणि बोटीत टेकायला दोन उशा दिल्या. नर्मदाबाई त्यानंतर भाईंकडे गेल्या नाहीत. जाऊन सांगितले असते तर लॉज उठला असता की नाही, हे त्यांना माहीत नव्हते. पण सर्वेशची आणि त्या दहा-बारा घरांची नोकरी उठली असती, हे माहीत होते. आपल्यापुरते निघावे, एवढेच त्यांनी ठरवले.

उत्तर काठाला बोट लागली तेव्हा ओहोटी सुरू झालेली होती. एका रिकाम्या झोपडीत बाज होती, तिच्यावर दाजींना निजवले. यंत्र बॅटरीवर घुरघुरत होते. वाळूतून पुलापर्यंत जाणारी एकच पाणंद आहे, दोन्ही बाजूंना कुंपण असलेली. रिक्षा त्या पाणंदीच्या पलीकडच्या तोंडाशी मिळते. सर्वेश धावत गेला.

आणि तो गेल्यावर थोड्याच वेळात गावातून ढोल ऐकू आला. कौल उजवा झाला होता.

त्या क्षणी काय वाटले, हे मी नर्मदाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "बरा वाटला. खोटा कित्याक सांगू. आपल्यामुळे झाला असा वाटला." त्यांचा हात दाजींच्या छातीवर होता. दाजींनीही डोळे मिचकावले होते.

पण उजव्या कौलानंतर खाजणवेळ कसा परततो, हे त्या दोघांनाही ठाऊक होते आणि तरीही दोघांच्याही ते ध्यानात आले नव्हते. ढोल वाजला की कोणी थांबत नाही. मानकऱ्याच्या पाठोपाठ, दिवस मावळायच्या आत, सगळ्यांनी घरात पोचून चूल पेटवायची असते. पाच दिवस वाळूवर काढलेली माणसे एकदम उठली. गुरे सुटली. भांडी, अंथरुणे, खुराडी, हातगाड्या, टेंपो, सगळे त्या एका पाणंदीत घुसले. सर्वेशला रिक्षा मिळाली, पण ती पाणंदीच्या तोंडाशीच अडकली. समोरून येणाऱ्या म्हशींना मागे लोटणे शक्य नव्हते. बोटीकडे वळावे तर पाणी उतरून ती वाळूत बसलेली. यंत्राने बारीक शिटी वाजवायला सुरुवात केली. बॅटरी संपत आल्याची ती खूण होती.

भाई देवळातून झोपडीपाशी आले ते आनंदात. "वयनी, बघितल्यात? झालो एकदाचो! कोंबडी गावली, शेवंतीच्या पडवीत, खुराड्यामागे अंड्यांर बसलेली. दुपारी न्हेवन शिवेभायर सोडली, आणि बघा, पयल्याच फटक्यात उजवो."

नर्मदाबाईंना कोंबडीचे तेव्हाच कळले.

त्यांनी दाजींकडे बोट दाखवले. दाजींचे ओठ निळसर झाले होते. भाईंनी एकदाच पाहिले आणि ओरडून चार माणसे थांबवली. बाज दाजींसकट खांद्यावर घेतली गेली आणि पाणंदीत शिरली. भाई पुढे काठी आपटत, म्हशींना बाजूला सारत, "वाट सोडा, वाट सोडा" म्हणत चालले होते. बाजेवरचा म्हातारा बघून बायका थबकल्या, एकीने पदर तोंडाला लावला. तेव्हा वरून दाजींचा तुटक आवाज आला: "पाय फुडे करू नकात रे. अजून आसंय मी." माणसे हसली, आणि हसत हसतच त्यांनी बाज फिरवून डोके पुढे केले. नर्मदाबाई बाजेला धरून चालत होत्या. यंत्र त्यांच्या कडेवर होते, लहान मुलासारखे, आणि ते बंद पडले होते.

रिक्षापर्यंत पोचायला किती वेळ लागला, याबद्दल सर्वेश आणि त्याची आई यांच्या सांगण्यात फरक आहे. इस्पितळात ऑक्सिजन लागला, दाजींनी डोळे उघडले, दोन आठवड्यांनी घरीही आले. पण ते पूर्वीचे राहिले नाहीत. त्या दुपारी छातीवर पडलेला ताण भरून निघणार नाही, असे डॉक्टरांनी सर्वेशला बाहेर बोलावून सांगितले. घरी आल्यावर दाजींनी विनोद करणे थांबवले नाही, फक्त ते शब्दांवर आले. पूर्वी एखादे पूर्ण वाक्य असे, आता एखादा शब्द आणि मग लांब विराम. तो शब्द कोणत्या विनोदाचा आहे, हे नर्मदाबाईंना ओळखावे लागे. बहुतेक वेळा त्या ओळखत. फेब्रुवारी २०१९मध्ये दाजी वारले.

गावाच्या स्मरणात ती पळण कोंबडीची पळण म्हणून राहिली. शेवंतीला अजून चिडवतात, लग्नाच्या पंगतीत कोणी कोंबडीचे नाव काढले की पोरे तिच्याकडे बघतात, आणि तीही "माजी कोंबडी देवाच्या ओळखीची, तुमका कोण ओळखता रे?" असे म्हणून उलट टोला देते. जुवा बाहेर आहे, हा भाईंचा निर्णय कौलाने पक्का केला असे सगळे धरून चालतात. लॉज चालू आहे, सर्वेश अजून बोट चालवतो.

नर्मदाबाईंपुढे मात्र दोन वाटा उरल्या आणि दोन्ही बंद होत्या. कोंबडीमुळे कौल झाला असेल, तर जुवा बाहेर होता, आणि दाजींना त्या थंड, कोरड्या हवेतून, त्या खाटेवरून, त्यांनी विनाकारण उठवले. दोघे निघाल्यामुळे कौल झाला असेल, तर जुवा आत होता, आणि मग चष्मा लावलेली ती बाई, कौस्तुभ, विहिरीभोवती उभे राहणारे लोक, जे सगळे त्या वेळीही आतच होते, ते देवाच्या हिशेबात का आले नाहीत? दोन्ही वाटांच्या टोकाला त्यांना दाजींची बाज दिसे. त्यांचा प्रश्न देवावर रोष धरून विचारलेला नव्हता. मोजण्याची पद्धत कळली तर आपण काय केले ते कळेल, एवढीच त्यांची मागणी होती.

मी त्यांना गावशिवेच्या वेगवेगळ्या समजुतींविषयी काही सांगू लागलो: सरकारची हद्द वेगळी, देवाची वेगळी, ती माणसांच्या वावराने ठरते, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हंजे तुमकाव ठावक नाय." मी तसे कबूल केले. त्या उठून आत गेल्या आणि पेज घेऊन आल्या.

खाजणवेळची पुढची गावपळण डिसेंबर २०२२मध्ये झाली. नर्मदा खवणेकर तेव्हा उत्तर काठावर, सुनेबरोबर झोपडीत होत्या. माडजुव्यावरचा लॉज त्या दिवसांत पूर्ण भरलेला होता. कौल चौथ्या सकाळी, पहिल्याच वेळी, उजवा झाला.